आत आहेत

३ फेब्रुवारी

धाकटे,

तू पोचल्याचा फोन आला. पण फोनवर तू 'बरं आहे' यापलीकडे काही बोलत नाहीस, आणि नुसतं 'बरं आहे' ऐकायला मला फोन लागत नाही. म्हणून पत्र. उत्तरही पत्रानेच दे. लेकीच्या घरी आहेस, हातात वेळच वेळ आहे, तेव्हा सबब चालणार नाही.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फळीची बैठक घेतली. छापखान्यातच, कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून. बेकरीवाली, मशीनवाली, चष्मेवाली, घड्याळवाली, सगळ्या आल्या. गल्लीतल्या दुकानदार बायकांची ही फळी आपण बांधली तेव्हा ठरलं होतं की एकीचं दुकान बंद पडायची वेळ आली तर बाकीच्यांनी ते उघडं ठेवायचं. आजवर तू इतरांसाठी हे केलंस. आता तुझी पाळी आहे, लाजू नकोस.

तुझ्या दुकानात आळीपाळीने एकजण बसेल. रफूला आलेले कपडे मशीनवाली तिच्याकडे नेऊन करून आणेल. दुसरा नियम तुला ठाऊक आहेच: गिऱ्हाईकाला कळता कामा नये. बेकरीवाली दवाखान्यात होती तेव्हा आपण सरळ सांगून टाकलं होतं की बाई आजारी आहेत. ती परत येईपर्यंत अर्ध्या गल्लीने पाव दुसरीकडून आणायची सवय लावून घेतली. तेव्हापासून कुणी कुणाबद्दल विचारलं की आपलं एकच उत्तर, 'आत आहेत.' चष्मेवालीचं बाळंतपण आपण तसंच निभावलं. तुझंही आजारपण निभावू.

तुझी खुर्ची खिडकीपाशी आहे तशीच ठेवली आहे. तिच्यावर कुणी बसायचं नाही असं मी बजावलंय. घड्याळवाली म्हणाली, 'हेडबाई, खुर्चीवर पाटी लावू का?' सगळ्या हसल्या. मला पाठीमागे हेडबाई म्हणतात हे मला माहीत होतं, आता तोंडावर म्हणतात.

ऑपरेशन झालं, म्हणजे अर्धं काम झालं. आता जखम भरली की ते औषधाचे डोस घे आणि ये. जूनच्या आत तू खुर्चीत हवीस.

वन्सं


१२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र लेकीने वाचलं आणि म्हणाली, आत्याने पत्र लिहिलंय की परिपत्रक काढलंय? मी मात्र ते उशाशी ठेवलंय.

लेकीचं घर फार उंचावर आहे. खिडकीतून खाली माणसं दिसतात ती नुसती डोकी. कुणाचं काय उसवलंय, कुणाचं काय फाटलंय, काही दिसत नाही. अशी माणसं बघण्यात काय अर्थ? जावई गुणी आहे. माझी झोप मोडू नये म्हणून शिंकायलासुद्धा जिन्यात जातो. पण या घरात काही फाटतच नाही हो. फाटायच्या आधीच टाकून देतात. परवा जावयाच्या स्वेटरला काखेत एक भोक सापडलं, तर मला घबाड मिळाल्यासारखं झालं. लेक म्हणाली, आई, राहू दे, तो देऊन टाकायचाय. मी म्हटलं, देऊन टाकायचा तर धड तरी द्यावा. दिवसभर पुरवून पुरवून केलं.

डॉक्टरांचं तुमच्यासारखंच आहे, सगळं ठरवून मोकळे. जखम भरली की डोस. शेजारच्या खाटेवरची बाई सांगत होती, एक डोस घेतला की आठवडाभर माणूस माणसात राहत नाही, आणि असे बरेच घ्यायचे असतात. असू दे. तुम्हाला म्हणून सांगते, नुसतं जगायचं म्हणून मी एवढी उलथापालथ करून घेतली नसती. पण पुन्हा खुर्चीत बसायचं तर करावं लागेल. खिडकीतला सकाळचा उजेड, मांडीवर कुणाचा तरी कोट, आणि पलीकडच्या छापखान्यातून तुमचं कंपोझिटरवर ओरडणं. एवढ्यासाठी मी घेईन.

डावं कोपर आलं होतं का? भूगोलाचे मास्तर हो, करडा कोट. वर्गात टेबलावर डावं कोपर टेकून उभे राहतात, त्यामुळे कोट दर वर्षी तिथेच झिजतो. याच महिन्यात येतात ते. आणि किल्ल्यांचा खिसा? वसतिगृहाच्या बाई, त्यांच्या झग्याचा उजवा खिसा किल्ल्यांच्या भाराने फाटतो. मी माणसं फाटलेल्या जागेवरून ओळखते म्हणून तुम्ही हसता. पण नावं विचारायची मला कधी गरज पडली नाही.

कुणी काही विचारलं का, तेवढं लिहा.

तुमची
धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटे,

डावं कोपर आलं. 'बाई कुठे आहेत?' 'आत आहेत.' 'बरं.' कोट ठेवला आणि गेले. किल्ल्यांचा खिसाही आला. तेच विचारलं, तेच सांगितलं. त्या जरा घुटमळल्या, पण घड्याळवालीने पावती फाडून हातात दिली, मग गेल्या.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की कुणालाही पत्ता लागलेला नाही. मला फळीचा अभिमान वाटतो. काल तर कमाल झाली. एक जुनं गिऱ्हाईक हटूनच बसलं, बाईंना एक मिनिट बाहेर बोलवा म्हणून. चष्मेवालीची पाळी होती. ती पडदा सारून आत गेली आणि थेट तुझ्यासारखी खोकली, ते दोन छोटे आणि एक लांब. मग बाहेर येऊन म्हणाली, 'हातात बारीक काम आहे, उठता येत नाही.' गिऱ्हाईक समाधानाने गेलं. आम्ही नंतर इतक्या हसलो की बेकरीवाली ओव्हन सोडून काय झालं ते बघायला आली. ती मात्र हसली नाही. हल्ली ती कशालाच हसत नाही.

मशीनवालीला हातचं रफू येत नाही, हे खरं. पण तिने मशीनवर पुढे-मागे टाके घालून भोक भरायची पद्धत बसवली आहे. सोबत एक तुकडा पाठवते. मला तर फरक दिसला नाही. अर्थात माझे डोळे टाईप बघण्यात गेले. तू बघ आणि काय ते स्पष्ट सांग, तिला बरं वाटेल.

जेवतेस का? आणि चाल जरा. लेकीच्या घरात जिना असेल ना?

वन्सं


५ मार्च

वन्सं,

तुकडा मिळाला. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. सरळ बाजूने काही कळत नाही. मशीनवालीला माझी शाबासकी सांगा. तुम्हाला आठवतं ना, मी म्हणत असे, रफूला एकच शाबासकी असते, ती म्हणजे 'कळत नाही.' भोक होतं हेच कुणाला कळलं नाही की काम फत्ते.

मग उलटी बाजू केली, त्यावरून बोट फिरवलं आणि तुकडा उशाखाली ठेवून दिला. तिची पद्धत वेगळी, माझी वेगळी. मी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढून घेते, म्हणून वेळ लागतो. गिऱ्हाईकाची तक्रार नसेल तर आपण कशाला बोला?

आणि आता माझंही रफू झालं म्हणायचं. मी तिथे होते तिथे भोक पडलं, आणि तुम्ही पाचजणींनी ते असं भरलंत की कुणाला कळलंही नाही.

चष्मेवालीला म्हणावं, खोकला छान वठला असणार. इथे मला माझाच हल्ली ओळखू येत नाही.

डाव्या कोपराने कोट परत नेताना काही विचारलं नाही का? नेताना माणूस जरा थांबतो, म्हणून विचारते. सहज हो. ते दर वेळी कोट घालूनच जायचे. मी टोकायची, अहो, बाहेर उकडतंय. तर म्हणायचे, वर्षभराची सोय झाली, घालून बघू नको का?

डोससाठी तारीख मिळाली होती, ती मी थोडी पुढे घ्यायला लावली. थकवा आहे. दुसरं काही नाही.

धाकटी


१४ मार्च

धाकटे,

तारीख पुढे ढकलायला ही काय नळाची दुरुस्ती आहे? थकवा डोस घेऊन जाईल, न घेऊन नाही.

कोट नेताना मास्तरांनी काही विचारलं की नाही, मला माहीत नाही. मी छपाईच्या मशीनचा पट्टा बसवत होते. विचारून तरी काय विचारणार? काम वेळेवर झालं, त्यांना कोट मिळाला, संपलं.

तू दुकानाच्या काळजीने खचते आहेस असं मला दिसतं, म्हणून स्पष्ट लिहिते. दुकान झकास चाललंय. शाळेने गणवेशांचा गठ्ठाच आणून टाकला. तू एका कोपराला दिवस लावतेस, मशीनवाली चहा निवायच्या आत दोन करते. तुझ्यावाचून आता काहीही अडत नाही. तेव्हा सगळी चिंता आमच्यावर टाक आणि हवा तेवढा वेळ घे. घाई करू नकोस.

आणि ते रफूचं तू फार छान लिहिलं आहेस. मी बैठकीत वाचून दाखवलं. सगळ्यांना आवडलं.

वन्सं


२८ मार्च

वन्सं,

तुमच्या पत्राने खरंच निश्चिंत झाले. एक विनंती आहे. खुर्ची मशीनवालीला द्या. तिचं मशीनही खिडकीपाशी आणून ठेवा. उजेड तिथेच चांगला येतो आणि सतत मशीनवर बसणाऱ्याचे डोळे लवकर जातात. एवढी चांगली जागा अडवून ठेवायची म्हणजे बरं दिसत नाही.

सुयांचा डबा कपाटात वरच्या फळीवर आहे. ती फळी, तुमची नव्हे. झाकण घट्ट आहे, नखाने उघडू नका, चमच्याच्या टोकाने उघडतं. त्यातल्या बारीक सुया आता सहज मिळत नाहीत. कुणी शिकणारी भेटली तर द्या, नाही तर राहू द्या तशाच.

स्वेटर जावयाने देऊन टाकला नाही. घालतो. भोक कुठे होतं ते त्याला शोधूनही सापडलं नाही म्हणे.

तुम्ही दूध घेत जा. तुमचे गुडघे दुखतात आणि तुम्ही सांगत नाही.

धाकटी


३० मार्च

आत्या,

आई तुला कळवणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. तिने डोसना नाही म्हटलंय. आधी थकवा आहे म्हणत होती, परवा डॉक्टरांना सरळ सांगून आली की नको. मी भांडले, रडले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, 'अगं, कशासाठी? तिथे सगळं नीट भरून आलंय.' मला वाटलं, जखमेबद्दल बोलते आहे. नंतर कळलं, दुकानाबद्दल बोलत होती.

पहिल्यांदा आली तेव्हा रोज विचारायची, आजचा वार कोणता, जूनला किती अवकाश. हातातली ताकद जाऊ नये म्हणून टॉवेलचे धागे काढून पुन्हा विणायची. आता तेही बंद केलंय. खिडकीशी बसते, पण खाली बघत नाही.

डॉक्टर म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही. पण लवकर ठरवायला हवं. बाबा गेल्यावर तूच तिला उठवून दुकानात बसवलं होतंस. तुझं ती ऐकते. काहीतरी लिही.

तुझी भाची


४ एप्रिल

धाकटे,

पोरीचं पत्र आलं. हा काय पोरकटपणा आहे? चार बायका आपापले धंदे सांभाळून तुझं दुकान चालवतात, आणि तू तिथे बसून नको म्हणतेस? आम्ही राबतो ते कशासाठी? डॉक्टर वेळ आहे म्हणतात, म्हणजे आहे. उद्याच्या उद्या जा आणि हो म्हण. मशीनवालीला खुर्ची वगैरे काही मिळणार नाही. या विषयावर मला पुन्हा लिहायला लावू नकोस.

वन्सं


१३ एप्रिल

धाकटे,

माझ्या आधीच्या पत्राला तुझं उत्तर नाही. फोन केला तर जावई कुजबुजला की झोपल्या आहेत. आता हे पत्र मात्र नीट वाच. डोळे थकले तर पोरीकडून वाचून घे, पण सगळं वाच.

तुझ्याबद्दलची तक्रार मी बेकरीवालीकडे नेली. म्हटलं, इतकं करून हिला काय झालंय? ती कणीक मळत होती. तशीच मळत राहिली. मग म्हणाली, 'हेडबाई, मी दवाखान्यात होते तेव्हा गिऱ्हाईक तुटलं, हे खरं. पण बिस्किटं नेणारी ती म्हातारी दोन बस बदलून मला बघायला आली होती. म्हणाली, तुझी खारी नाही तर चहा घशाखाली उतरत नाही. मी तेवढ्यावर उठले. तुम्ही तिचं गिऱ्हाईक राखलंत. पण तिला विचारायला येणारं एक माणूस तिच्यापर्यंत पोचू दिलं नाहीत.'

मी परत आले. त्या दिवशी दुकानात माझी पाळी होती. पहिलं गिऱ्हाईक आलं, बाई कुठे म्हणालं. मी सांगितलं, आजारी आहेत, लेकीकडे आहेत, फेब्रुवारीपासून इथे नाहीत. त्यानंतर दिवसभर हेच चाललं. मी तेवढं लिहिते, माझ्याकडून काही घालत नाही.

मास्तर आले होते. खरं ऐकलं आणि बाकावर बसलेच. म्हणाले, 'मी तीनदा येऊन गेलो. दर वेळी आत आहेत म्हणालात. मला वाटलं, माझ्यावर रागावल्यात. गेल्या वर्षी कोपर फार फाडून आणलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, आता पुढच्या वेळी चामडं लावेन. म्हणून बाहेर येत नसतील.' कोट त्यांनी घातलेला नव्हता, हातावर घेतला होता. मशीनचे टाके आतून टोचतात म्हणाले. सांगायचं नव्हतं, पण टोचतात.

वसतिगृहाच्या बाई तर माझ्याशी भांडल्या. त्यांनी झगा मागच्या महिन्यातच परत आणला होता. 'हे बाईंचं काम नाही' असं म्हणाल्या होत्या, आणि मी त्यांना म्हटलं होतं की आहे, नीट बघा. तुला हे मी कळवलं नाही. तुला त्रास नको म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मी त्यांच्या हातचा खिसा सतरा ठिकाणी ओळखीन आणि तुम्ही मला वेडी ठरवलंत.' गेल्या महिन्यात आणखीही लोक परत आले होते. सगळ्यांना मी असंच घालवलं.

तू विचारत होतीस, कुणी काही विचारलं का? सगळ्यांनी विचारलं. पहिल्या दिवसापासून सगळे तेवढंच विचारत होते. आम्ही त्यांना आत आहेत म्हणून सांगत होतो आणि तुला कुणी विचारत नाही म्हणून. तू लिहिलंस की आम्ही असं भरलं की कळलं नाही. खोटं आहे. कळलं. उलट्या बाजूला हात फिरवला की कळतं, हे तुला त्या तुकड्यावरूनच समजलं होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. आणि मी ते बैठकीत वाचून दाखवलं.

तुझ्यावाचून अडतं. माझंही अडतं. पलीकडे कुणी नसलं की ओरडण्यात दम राहत नाही. कंपोझिटर म्हणतो, बाई, तुम्ही हल्ली बऱ्या वागता, तब्येत ठीक आहे ना?

डोस घे. फळीसाठी नको. मास्तर कोट हातावर घेऊन हिंडतात, म्हणून घे. मी पुढच्या शनिवारी स्वतः येते. सुयांचा डबा घेऊन येते.

वन्सं


२ मे

आत्या,

तू आलीस तेव्हा घरात इतकी माणसं होती की तुझ्याशी काही बोलता आलं नाही. आणि तूही त्या कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसून होतीस, कुणाशी बोलत नव्हतीस. म्हणून आता लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा आई बहुतेक वेळ ग्लानीतच असायची. मी पत्र उघडलं, तर डोळे उघडून म्हणाली, 'परिपत्रक आलं का?' मी वाचून दाखवलं. मास्तरांना वाटलं त्या रागावल्या, हे ऐकून ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. मग खिसा. मग पुन्हा मास्तर. मी विचारलं, पुढचं वाचू का? तर म्हणाली, 'थांब, जरा राहू दे.' जसं काही तोंडात काहीतरी धरून ठेवलंय.

संध्याकाळी म्हणाली, डॉक्टरांना सांग, मी घेते. मी तशीच धावत गेले. त्यांनी येऊन तपासलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, आता शरीराला झेपणार नाही. आईला मी सांगितलं की सोमवारी सुरू करू. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं, पण तिने मला तसं कळू दिलं नाही. म्हणाली, 'बरं. सोमवारी.'

शुक्रवारी पहाटे गेली. तू दुसऱ्या दिवशी पोचलीस.

आदल्या दिवशी तिने तुझ्यासाठी एक निरोप दिला होता, तो तुला द्यायचा राहिला. मी म्हटलं, आत्याला काही सांगायचंय? तर म्हणाली, 'वन्संना म्हणावं, मास्तरांना सांगा, अधूनमधून उजव्या कोपरावर टेकत जा. एकाच जागेवर सगळा भार टाकू नये.'

ती शुद्धीत होती, आत्या. नीट शुद्धीत होती.

तुझं शेवटचं पत्र आणि तो तुकडा मी तिच्याजवळ ठेवायचं म्हणत होते. पण तुकडा तिने सगळा उसवून ठेवला होता. तिच्या उशाखाली नुसते धागे सापडले, नीट गुंडाळलेले.

तुझी भाची


२० मे

बाळ,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला मी कधी उशीर करत नाही. या वेळी झाला.

फळीची बैठक झाली. दुकानाचं काय करायचं हा विषय होता. मशीनवालीने आपणहून सांगितलं की तिला ती जागा नको, तिचं मन लागणार नाही. चष्मेवाली रडायला लागली. ती पडद्यामागे जाऊन खोकली होती ना, ते तिच्या डोक्यातून जात नाही. बेकरीवालीने तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'हेडबाई, तुम्हीही रडा आता. बैठकीत चालतं.' मी पुढचा विषय घेतला. 'आत आहेत' हा नियम रद्द केला. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दुकान पुढचं ठरेपर्यंत उघडं ठेवायचं, एवढंच झालं. खुर्ची आहे तिथेच आहे. तुझ्या आईने ती द्यायला सांगितली होती. मी दिली नाही.

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते.

काल दुकानात मी होते. दारात मास्तर. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे ते गावाला गेले होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. कोट हातावर होता. मशीनचे टाके त्यांनी कातरून काढले होते, कोपराचं भोक पुन्हा होतं तसं, उलट मोठंच झालं होतं. त्यांनी विचारलं, 'बाई आहेत का?'

मी म्हटलं, 'आत आहेत.'

कसं आलं तोंडातून, मला सांगता येणार नाही. दोन-अडीच महिन्यांची सवय. नियम मी बनवला, रद्दही मीच केला, आणि रद्द केल्यावर पहिल्यांदा पाळला तोही मीच. त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुरुस्त करायला जीभच उचलेना. 'आल्या?' म्हणाले. 'त्यांना सावकाश होऊ दे, मला घाई नाही.' आणि बाकावर बसले. कोट मांडीवर घेऊन, भोक वर येईल असा नीट लावून बसले. तिला दाखवायला.

मी पडदा सारून आत गेले. दुसरं काय करणार? खिडकीतून ऊन थेट खुर्चीवर आलं होतं. मी उभीच राहिले. बाहेरून त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला, माणूस वाट बघताना खाकरतो तसा. मग मी बाहेर आले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, निरोपही. उजव्या कोपरावर टेकत जा म्हणून.

त्यांनी कोटाच्या भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, 'त्यांना माझं कोपर माहीत होतं.'

मी काउंटरमागची बाई आहे. म्हटलं, द्या तो कोट, पलीकडच्या गल्लीत एकजण हाताने रफू करतो, मी स्वतः नेऊन करून आणते. ते उठले. म्हणाले, 'नको. राहू द्या. असाच घालीन.'

त्यांनी तिथेच कोट घातला, बटणं लावली आणि निघाले. बाहेर इतकं ऊन होतं. मी दाराशी उभी होते. करड्या कोटाच्या कोपरावर ते भोक, आतून पांढरा सदरा दिसणारं. ते गल्लीच्या वळणापर्यंत गेले तरी मला ते दिसत होतं.

तुझी
आत्या